दीर टीव्हीत, नवरा गोदामात

गुरुवार उजाडला की माझं डोकं फिरतं. गुरुवारी मगरिबच्या नमाजनंतर आमच्या दिराचा कार्यक्रम लागतो, आणि तो बघायला आम्ही सगळ्यांनी खालच्या मजल्यावर त्याच्याच घरी जमायचं असा पायंडा माझ्या जावेने, बिलकिसने, पाडून ठेवलाय. टीव्ही आमच्याकडेही आहे. तिच्यापेक्षा मोठा आहे. पण आमची अफनान म्हणते, "अम्मी, स्टार के घर में बैठ के स्टार को देखना अलग बात है." अफनान माझी मुलगी, दहावीला आहे, आणि चाचूचं नाव काढलं की तिचा अभ्यास तिथेच थांबतो.

कार्यक्रमाचं नाव 'दुकान अबू राकान'. आम्ही राहतो सौदीत, हाइलला, आणि इथल्या जुन्या बाजारात अबू राकानचं शिकारीच्या बंदुकांचं दुकान आहे, त्याच्या आजोबांपासून चालत आलेलं. परवानावाले शिकारी येतात, ससाणे पाळणारे शौकीन येतात, कोणी आजोबांची गंजलेली बंदूक चादरीत गुंडाळून आणतो, कोणी नुसता हात फिरवून बघतो आणि चहा पिऊन जातो. गेल्या वर्षी रियाधहून अरवा नावाची एक मुलगी कॅमेरे घेऊन आली आणि तिने या दुकानावर रिॲलिटी शो सुरू केला. पुढे काउंटरवर सौदी मुलं गिऱ्हाइकांशी हुज्जत घालतात, अबू राकान मधेच येऊन कोणाला तरी दम भरतो, आणि मागच्या वर्कशॉपमध्ये आमचा दीर नौशाद बंदुकांचे लाकडी दस्ते तासतो, त्यांना तेल पाजतो, नळ्या साफ करतो. एवढाच काय तो कार्यक्रम. पण लोक त्यावर जीव टाकतात.

आता माझ्या नवऱ्याचं सांगते. त्यांचं नाव हारून. मी तोंडाने घेत नाही, पण इथे लिहिल्याशिवाय तुम्हाला कळणार कसं. हारून मोठे, नौशाद धाकटा. हारूननी या दुकानात उमेदीची सगळी वर्षं घातली. नौशाद तेव्हा गावी, बाणकोटच्या खाडीवर, होड्यांना फळ्या ठोकत बसायचा. कफीलकडे, म्हणजे मालक अबू राकानकडे, शब्द टाकून त्याला इथे आणला तो हारूननी, इकामा म्हणजे राहायचा परवाना होईपर्यंत आमच्या दिवाणखान्यात झोपवला तो हारूननी, आणि त्याच्या ताटात वाढलं ते मी. आज तो अर्ध्या अरबस्तानाचा लाडका उस्ताद आहे. आणि हारून? हारून गोदाम सांभाळतात. गोदामात कॅमेरा न्यायची परवानगी नाही, म्हणून सगळ्या भागांत मिळून त्यांचा एक हात दिसतो. गोदामाच्या खिडकीतून तो हात बाहेर येतो, बंदूक देतो आणि आत जातो.

मी जळते का? जळते. त्यात लपवण्यासारखं काय आहे? दर गुरुवारी मी बिलकिसच्या गालिच्यावर बसते, तिने केलेली सांदणं खाते, ती माझ्या सांदणांपेक्षा मऊ असतात, त्यावरही जळते.

कार्यक्रम संपला की खरा कार्यक्रम सुरू होतो. अफनान मोबाइल उघडते आणि लोकांनी काय लिहिलंय ते मोठ्याने वाचते. अरबी असेल तर मी अर्थ सांगते, कारण घरात माझं अरबी सगळ्यांत चांगलं. म्हणजे दिराची स्तुती माझ्याच तोंडून सगळ्यांना ऐकवायची, असा हा न्याय आहे.

एक सौदी पोरगा लिहितो, "या उस्तादचे हात बघा, माझी आजी असंच पीठ मळायची." कोणी लिहितो, वडिलांची बंदूक आठवली आणि रडू आलं. एक मास्तर आहे, तो दर आठवड्याला न चुकता लिहितो की असल्या कार्यक्रमांनी पोरं बिघडतात, हा बंद करा. पण बघतो मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत. रियाधहून अलका नावाची बाई चक्क मराठीत लिहिते, "नौशादभाऊ, तुम्ही रत्नागिरीकडचे का? आमच्याकडे सगळे तुमची वाट बघत असतात." हे वाचल्यावर बिलकिस ओढणी तोंडावर घेऊन हसली. मला त्या अलकाचा पत्ता हवा होता.

जिझानचा एक जण मला आवडायचा. त्याने लिहिलं, सगळं नाटक आहे, गिऱ्हाइकं भाड्याने आणलीत, भांडणं ठरवून केलेली आहेत. मी घरी येऊन गुपचूप त्याला अंगठा दिला. पुढच्या आठवड्यात त्याच माणसाने लिहिलं, "तरी मिशीवाला हिंदी उस्ताद मात्र अस्सल आहे." मी अंगठा काढून घेतला.

गावाहून सासूबाईंचं मत फोनवर येतं. "नौशाद वाळलाय गो. आणि त्या बंदुकीचं तोंड दुसरीकडं कर म्हणावं त्याला." मी विचारलं, "अम्मी, आणि हे कसे वाटले?" त्या म्हणाल्या, "तो खय होता?"

हारूनबद्दल लोक काय म्हणतात ते मी रोज शोधायची. एकदाच सापडलं. कोणीतरी विचारलं होतं, "खिडकीतून ज्याचा नुसता हात येतो, त्याला पगार पूर्ण देतात की अर्धा?" खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती. मी ते हारूनना दाखवलं. वाटलं, आता तरी माणूस पेटेल. ते मनापासून हसले आणि म्हणाले, "भारी लिहिलंय." मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

नुसती मिशीची आणि हाताची गोष्ट असती तर मी कदाचित गिळलीही असती. पण त्यात रियाध आलं. अबू राकान ईदनंतर रियाधला दुसरं दुकान उघडणार होता, आणि तिथलं वर्कशॉप आणि गोदाम बघायला दोघा भावांतला एक जण पाठवणार होता. अफनानच्या शाळेत दहावीच्या पुढे वर्ग नाहीत. इथल्या आपल्या लोकांच्या मुलींचं ठरलेलं असतं: दहावी झाली की आजोळी नाहीतर आजीकडे, भारतात. आई इकडे, मुलगी तिकडे, आणि मधे मोबाइल. रियाधला बारावीपर्यंतच्या शाळा आहेत. हारून रियाधला गेले तर अफनान माझ्याजवळ राहणार. नौशाद गेला तर ती गावी सासूबाईंकडे जाणार, तालुक्याच्या कॉलेजात एसटीने ये-जा करणार, आणि मी तिला वर्षातून एकदा बघणार. नौशादची उमामा अजून चार वर्षांची पण नाही. त्यांना रियाध कशाला हवंय? पण मिशीवाल्याला सोडून कफील गोदामवाल्याला कशाला पाठवेल?

मी हारूनच्या मागे लागले. "तुमी अबू राकानशी बोला. मोठे तुमी हाव. तुमचा हक्क हाय."

"बोलायचा काय त्यात," ते म्हणाले. "त्याला डोळे हायत."

"डोळे हायत म्हणूनच म्हणते. त्याला टीव्हीत कोण दिसतो?"

ते उठून नमाजला गेले. या माणसाचं हे असंच आहे.

अशात अरवाचा निरोप आला. तिला एक खास भाग करायचा होता, प्रेक्षकांच्या मतांचा. जे वर्षभर मोबाइलवर मतं लिहितात त्यांच्यातले थोडे दुकानात बोलावायचे, आणि जे म्हणायचंय ते अबू राकानच्या तोंडावर म्हणा म्हणायचं. शिवाय कारागिरांच्या घरच्या बायकांनाही बोलवायचं, घरी बसून त्या काय बघतात ते विचारायचं. बिलकिस घाबरली. "भाभी, माझं अरबी म्हणजे बकाल्यातून दूध-अंडी आणण्यापुरतं. तुमी माझ्या वतीने सांगा हां." मी म्हटलं, सांगेन. माझ्या डोक्यात तेव्हा दुसरंच चाललं होतं. अबू राकान समोर बसलेला असणार, आणि मला विचारणार.

निघताना हारून एवढंच म्हणाले, "दोन शबूद बोल आणि गप बस. आपल्या माणसाचं आपण बोलायचं नसतं."

हे आमच्याकडचं जुनंच आहे. आपल्या माणसाची चारचौघांत स्तुती करायची नाही. बाळ गुटगुटीत असेल तर आई म्हणणार, कुठलं खातंय, नुसती हाडं. आंबा लगडला तर म्हणणार, यंदा काय खरं नाही. पोरगी पहिली आली तर म्हणणार, नशिबाने पास झाली. लोकांचे डोळे वाईट असतात, नजर लागते. त्यामुळे आमच्या गावात कोणाचं किती चांगलं चाललंय हे ओळखायचं असेल तर तो किती रडतो ते बघावं. मीही जन्मभर हेच केलं. पण ज्याचा नुसता हात दिसतो त्याला नजर लागणार तरी कुठे?

शूटिंगच्या दिवशी दुकान धुऊन-पुसून लख्ख केलं होतं. भिंतीला बंदुका ओळीने, खाली गालिचा, मधे कॉफीचा पितळी दल्ला आणि खजुरांचं ताट. अबू राकान मधोमध बसला होता, दाढीला मेंदी लावून. प्रेक्षक एकेक करून बोलले. एक म्हातारा शिकारी म्हणाला, मागे ते ढॅण ढॅण संगीत कशाला लावता, बंदुकीच्या चापाचा आवाज ऐकू येत नाही. एक तरुण म्हणाला, किंमत विचारली की तुम्ही कॅमेरा दुसरीकडे वळवता, हे बरोबर नाही. तो मास्तर खरंच आला होता. तो म्हणाला, कार्यक्रम बंद करा, आणि बंद करणार नसाल तर मिशीवाल्या उस्तादला जास्त वेळ द्या, तो निदान मुलांना काम शिकवतो. सगळे हसले. मी पण हसले, दात दाखवून.

मग अरवाने बिलकिसला विचारलं, "उस्तादची बायको काय म्हणते? घरी पण असाच आहे का तो?"

नकाबातून बिलकिसचे नुसते डोळे दिसत होते. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "भाभी, सांगा त्यांना, कसला उस्ताद नि कसलं काय. घरात एक खिळा ठोकत नाय हा माणूस. आमच्या पलंगाचा पाय गेल्या ईदपासून हलतोय. त्याच्यावाचून कोणाचं काय अडलंय? सगळं त्याला मोठ्या भायजींनी शिकवलं, नायतर हा काय कामाचा?"

मी शब्दन् शब्द अरबीत सांगितलं. एकही गाळला नाही, घातला नाही. मला वाटलं, बरं झालं, ऐकू दे कफीलला. पण झालं उलटंच. सगळं दुकान हसून लोळायला लागलं. नौशाद तर वर्कशॉपच्या दारात उभा राहून डोळे पुसत होता. अरवा टाळ्या वाजवत म्हणाली, "ही सगळ्यांत भारी आहे!" कॅमेरा बिलकिसच्या डोळ्यांवर गेला आणि तिथेच राहिला. वर्षभर नवरा टीव्हीत होता, आता ही पण टीव्हीत, आणि ती पण नुसत्या दोन डोळ्यांच्या जोरावर. माझ्या छातीत असं काही भरून आलं की मला ठसका लागला.

"आणि तुम्ही?" अरवाने मला विचारलं. "तुमचे मिस्टर पण इथेच आहेत ना?"

मी सरळ अबू राकानकडे वळले. दोन शब्द बोल, असं हारून म्हणाले होते. मी दोन शब्दांवर थांबले नाही.

"अबू राकान," मी म्हटलं, "लोकांना वाटतं हे दुकान पुढच्या काउंटरवर चालतं. ते मागच्या खिडकीवर चालतं. कुठली बंदूक कोणाची, कोणाच्या बापाने ती कधी आणली, कुठला सुटा भाग कुठल्या फळीवर, सगळं माझ्या नवऱ्याच्या डोक्यात आहे. ते सुट्टीवर गावी गेले होते तेव्हा तुम्ही रोज फोन करत होता, आठवतं? भाताचा घास हातात धरून ते तुम्हाला सांगायचे, वरच्या फळीवर बघा, डावीकडे बघा. ते नसतील तर हे दुकान बंद पडेल. त्यांच्या जागी दुसरा कोणीही उभा करा, जमणार नाही. हे तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही कधी बोलला नाहीत, म्हणून मी बोलते."

कोणी हसलं नाही. म्हातारा शिकारी "खरं आहे, खरं आहे" म्हणाला. बिलकिसला अरबी पुरतं कळलं नसेल, पण माझा सूर तिला कळला आणि तिने माझी बाही धरून हळूच ओढली. मी सोडवून घेतली. अरवाने कॅमेरावाल्याला खूण केली. कॅमेरा गोदामाच्या खिडकीकडे वळला आणि पहिल्यांदाच तिच्यात हारूनचा चेहरा आला. त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, लाजले.

अबू राकान दाढीवरून हात फिरवत म्हणाला, "माशाअल्लाह. माशाअल्लाह." आणि माझ्याकडे बघून उजवा हात छातीवर ठेवला. मी जिंकले होते.

तो भाग लागला त्या गुरुवारी मी स्वतः शेवयांची खीर करून खाली गेले. अफनानने वाचायला सुरुवात केली आणि पहिल्यांदा माझे कान सुखावले. "खिडकीतल्या माणसाच्या बायकोला सलाम." "बाईंनी कफीलला गप्प केलं." "या बाईलाच दुकान देऊन टाका." जिझानवाला लिहीत होता, "वर्षभरात एकच खरं वाक्य ऐकलं, ते या बाईचं." मी त्याला सगळ्यांसमोर अंगठा दिला. बिलकिसने मला सांदण वाढलं आणि म्हणाली, "भाभी, तुमी किती धीराच्या." त्या दिवशी मला तिचं सांदण आपल्या सांदणासारखंच लागलं. फक्त सासूबाईंचा फोन आला तेव्हा त्या नेहमीसारख्या बोलल्या नाहीत. "शरीफा," त्या म्हणाल्या, "आपल्याच माणसाला चव्हाट्यावर उभा करून असां वानतात काय गो?" मी म्हटलं, अम्मी, जमाना बदललाय.

आठवडाभर मी कोणावरही जळले नाही. रियाधच्या शाळांचे फोटो बघितले. कुठल्या वस्तीत घर घ्यायचं, तेही मनात ठरवलं.

मग एका दुपारी हारून जेवायच्या वेळेच्या आधीच घरी आले. चपला काढल्या, पाणी प्यायले आणि म्हणाले, "नौशाद चाललाय रियाधला."

मला आधी नीट ऐकूच आलं नाही. मी म्हटलं, "कुठे?"

"रियाधला. ईदनंतर. अबू राकानने आज सांगितलं." ते माझ्याकडे बघत नव्हते. "तो म्हणाला, हारून, तुझी बायको खरं बोलली. मी विचारच केला नव्हता. तू गेलास तर इथलं दुकान बंद पडेल, आणि आता मी म्हातारा झालो, नवीन माणसाला शिकवायची ताकद माझ्यात नाय. नौशादला पाठवतो. त्याला लोक ओळखतात, आणि त्याच्यावाचून इथं अडत नाय, असं त्याची बायकोच म्हणते."

 पण त्यांचं सांगून झालं नव्हतं.

"शूटिंगच्या आधीच त्याने मला विचारलं होतं," ते म्हणाले. "रियाधला जाशील काय म्हणून. मी होय म्हटलं होतं."

"तुमाला? तुमाला विचारलं होतं? आणि मला सांगितलं नाय?"

"पक्कं झालं नव्हतं. आधीच बोलून दाखवलं की काम फिसकटतं. कागद हातात आला की सांगणार होतो." त्यांनी रिकामा पेला खाली ठेवला. "मी तुला म्हटलं होतं, दोन शबूद बोल."

त्यांनी एवढंच म्हटलं. ओरडले असते तर मीही ओरडले असते, आणि आमचं बरं झालं असतं. त्यांनी हात धुतले आणि जेवायला बसले. मी वाढत राहिले. कशाला वाढलं, किती वाढलं, मला आठवत नाही. जो माणूस लोकांना दिसावा म्हणून मी वर्षभर तडफडले, तो कफीलला आधीपासून दिसत होता. आणि मी त्याला इतका दाखवला की आता तो जन्मभर त्या खिडकीतून हलणार नव्हता.

नौशाद संध्याकाळी मिठाई घेऊन आला, पण त्याला धड हसता येत नव्हतं. "भाय, तू जायला हवं होतंस," असं तो दोनदा म्हणाला. हारूननी त्याच्या पाठीवर थाप मारली. मी आतून बाहेर आले नाही. मला त्याचा रागसुद्धा करता येत नव्हता, कारण त्याने काही केलंच नव्हतं. बिलकिसनेही काही केलं नव्हतं. तिने फक्त आईने शिकवलं तसं नवऱ्याला नावं ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी बिलकिस वर आली, उमामाला कडेवर घेऊन. अफनान टेबलाशी पुस्तक उघडून बसली होती. तिला सगळं कळलं होतं. सकाळपासून पुस्तकाचं एकच पान उघडं होतं.

"भाभी," बिलकिस म्हणाली, "अफनानला गावाला धाडू नका."

"मग काय करू? इथं पुढची शाळा हाय?"

"आमच्याबरोबर रियाधला येऊ दे. माझ्याकडे राहील. मी यांना विचारलं, हे तर नाचायलाच लागले."

अफनानची मान पुस्तकातून वर आली.

मी कारणं शोधायला लागले. म्हटलं, घर लहान असेल. बिलकिस म्हणाली, कफील तीन खोल्यांचं देतोय. म्हटलं, तुला लहान मूल हाय, त्रास होईल. ती म्हणाली, उमामा तिच्या अफनान आपाशिवाय घास खात नाय, उलट मला आधार होईल. म्हटलं, तरण्या मुलीची जबाबदारी असते. त्यावर तिचे डोळे भरून आले. "भाभी, मी नवीन आले तेव्हा तुमी मला तुमच्या घरात ठेवलंत. माझी जबाबदारी घेतलीत ना तुमी?"  ठेवलं होतं, हे खरं आहे. आणि ठेवताना तिच्या नव्या बांगड्यांवर जळले होते, हेही खरं आहे.

मी शेवटी अफनानकडे वळले. "तूच सांग. दादीकडे जायचं, की..."

"चाचीके पास!" माझं वाक्य पुरं व्हायच्या आतच ती म्हणाली. मग माझा चेहरा बघून उठली आणि गळ्यात पडली. "अम्मी, आय मीन, छुट्टी में मैं यहीं आऊंगी ना. प्रॉमिस." मिठी खरी होती. पण माझ्या खांद्यावरून ती बिलकिसला विचारत होती, "चाची, मेरा रूम अलग होगा ना?"

"अलग, अलग," बिलकिस म्हणाली. "खिडकीवाला."

आजवर मी बिलकिसवर जळले ती तिच्या नवऱ्याच्या नावावरून, सांदणांवरून, नुसत्या डोळ्यांवरून. आता ईदनंतर रोज सकाळी अफनानला हाक मारून उठवणार ती. पेपर अवघड गेला की अफनान दारातून आत येताच आधी सांगणार तिला. मला पण सांगेल, पण संध्याकाळी, फोनवर, आणि तोवर तिचं रडून झालेलं असेल. हे सगळं मला तिथे उभ्या उभ्या दिसत होतं, आणि नाही म्हणायला माझ्याकडे एकही कारण उरलं नव्हतं. बिलकिस माझ्या तोंडाकडे बघत होती. एवढी भली बाई, की मी नको म्हटलं असतं तर तिलाच वाईट वाटलं असतं.

"ने तिला," मी म्हटलं.